पाहुणा शिकारी आणि रानकोंबडा

भोरहून रायरेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर आंबवडे लागतं. कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या, नागेश्वराचं जुनं मंदिर आणि भोर संस्थानच्या काळातला झुलता पूल पाहायला माणसं इथे थांबतात. आजूबाजूच्या डोंगरउतारांवर कारवी, करवंदाच्या जाळ्या आणि मधूनमधून दाट झाडी आहे. अशा रानाचा जुना रहिवासी म्हणजे रानकोंबडा. रात्र तो झाडावर काढतो आणि उजाडायच्या सुमाराला आरवतो. त्याची बांग घरच्या कोंबड्यासारखी लांबलचक नसते. तुटक, खरखरीत अशी चार-पाच अक्षरं असतात आणि शेवटी अगदी जवळ असल्याशिवाय कानावर न पडणारं बारीक ‘क्युकुन, क्युकुन’.

बदकं, हंस, करकोचे हजारो किलोमीटर उडून येतात आणि शिकारी पाणवठ्यावर दबा धरून त्यांची वाट पाहतो. रानकोंबडा, मोर, तित्तर, चकोत्री आणि अमेरिकेच्या जंगलातला रानटी टर्की यांचं तसं नाही. हे पक्षी जन्मभर एकाच टापूत चरतात, पाय झाडत पळतात आणि अगदीच नाइलाज झाला तर उडतात. त्यांच्यापर्यंत माणसालाच चालत जावं लागतं. म्हणून या शिकारीत नेहमी एक पाहुणा असतो आणि एक यजमान. पाहुणा दोन-चार दिवसांत परत जातो. पक्षी, रान आणि गाव मात्र तिथेच राहतात. जाताना पाहुण्याने मागे काय ठेवलं, यावर त्या पक्ष्याचं भवितव्य ठरतं. सह्याद्रीतला आणि अमेरिकेतला अनुभव शेजारी ठेवून पाहिला की ही गोष्ट स्वच्छ दिसते.

मानेवरचं पीस

आधी पक्षी नीट पाहू. रानकोंबड्याचं शास्त्रीय नाव गॅलस सोनेराटी. फ्रेंच निसर्गअभ्यासक पिएर सोनेरा याच्या नावावरून ते पडलं. हा पक्षी जगात फक्त भारतात सापडतो, तोही गुजरात-राजस्थानच्या दक्षिण टोकापासून केरळपर्यंतच्या द्वीपकल्पात. उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या जंगलांत त्याचा लाल भाऊबंद राहतो. नर जेमतेम एक किलोचा. अंगावर राखाडी रेघारेघांचा पोशाख, शेपटीची पिसं काळी, झुकलेली आणि उन्हात जांभळट चमकणारी, डोक्यावर लाल तुरा. मादी तपकिरी, छातीवर पांढऱ्या खवल्यांची नक्षी. पाचोळ्यात ती बसली तर हातभर अंतरावरूनही दिसत नाही.

या पक्ष्याचा खरा दागिना म्हणजे नराच्या मानेची पिसं. एक पीस तळहातावर घेतलं तर काळ्या रंगावर आधी एक पांढुरका ठिपका दिसतो आणि टोकाला एक चकचकीत पिवळा. हा पिवळा ठिपका म्हणजे नुसता रंग नव्हे. तिथे पिसाच्या तंतूंचीच एकसंध, कडक चकती झालेली असते. बोट फिरवलं तर ती लाखेच्या वाळलेल्या थेंबासारखी गुळगुळीत लागते. पावसाळ्यात नर ही पिसं झाडतो आणि काही काळ साध्या काळपट पिसांत हिंडतो. विणीचा हंगाम जवळ आला की मान पुन्हा सजते.

याच पिसाने त्याचा घात केला. इंग्लंड-स्कॉटलंडच्या नद्यांत सामन मासा गळाला लावण्यासाठी पिसं, रेशीम आणि जर गुंडाळून खोटी माशी बांधायची पद्धत आहे. तिच्या डोळ्याच्या जागी रानकोंबड्याच्या मानेचं पीस शोभतं, हे तिथल्या कारागिरांनी हेरलं. ‘जॉक स्कॉट’ या गाजलेल्या माशीत ते असतंच. त्यामुळे सह्याद्री आणि निलगिरीतल्या कोंबड्यांच्या माना कातड्यासकट सोलून जहाजाने विलायतेला जाऊ लागल्या. पाश्चात्य बायकांच्या टोप्यांसाठीही भारतातून पक्ष्यांची पिसं जात होती. अखेर 1902 साली सरकारने रानपक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. पुढे विलायतेतले लोक हा पक्षी पिंजऱ्यात पैदा करू लागले आणि आज तिथल्या माशा बांधणाऱ्यांची गरज त्यावर भागते.

या पक्ष्याचं आपल्या अंगणाशीही नातं आहे. घरची कोंबडी लाल रानकोंबड्यापासून आली, असं डार्विनपासून सगळे मानत होते. ते बहुतांशी खरंच आहे. पण 2008 साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की घरच्या कोंबड्यांच्या पिवळ्या पायांचा आणि पिवळ्या कातडीचा जनुक लाल नव्हे, तर आपल्या राखाडी रानकोंबड्याकडून आला आहे. गावात पिवळ्या पायांची कोंबडी दिसली, की तिच्या रक्तात या रानाचा अंश आहे असं खुशाल समजावं.

दुनळीवाले आणि फासवाले

इंग्रजी अमलात या रानात बाहेरून दोन प्रकारचे शिकारी येत. पहिला बंदूकवाला. लष्करातला अधिकारी, कलेक्टर, जंगलखात्याचा साहेब किंवा एखाद्या संस्थानिकाचा पाहुणा. रजा काढून तो डोंगरात येई, डाक बंगल्यात किंवा तंबूत उतरे. पहाटे गावातली माणसं हाका घालायला निघत. काठ्या, डबे, आरोळ्या यांच्या गलक्यात माणसांची रांग उतारावरून खाली सरके. रानकोंबडा सहसा उडत नाही. झुडपांच्या तळातून तो पळत सुटतो, घळीच्या तोंडाशी येतो आणि पुढची वाट बंद झाली की एकदम भरारी घेतो. बंदूकवाला नेमका तिथे दुनळी घेऊन उभा असे. हाकेवाल्याला मिळे दिवसाची मजुरी. पक्षी, पीस आणि किस्सा साहेबाबरोबर जात.

या मंडळींनी एक मोलाचं काम केलं, हेही खरं. आपण मारलेल्या पक्ष्यांची त्यांनी बारकाईने नोंद ठेवली. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपल्याला 1885 च्या काँग्रेसच्या स्थापनेमुळे माहीत असतं. पण त्याआधी ह्यूमने सी. एच. टी. मार्शल यांच्यासोबत भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनमधल्या शिकारी पक्ष्यांवर तीन खंडांचा ग्रंथ काढला होता (1879 ते 1881). कोणता पक्षी कुठे राहतो, कधी अंडी घालतो, काय खातो, याची माहिती त्यात ठिकठिकाणच्या शिकाऱ्यांकडून मागवून घेतली होती. 1883 साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आरंभीच्या संग्रहांतही बंदूकवाल्यांचा वाटा मोठा होता. सालिम अलींची पक्ष्यांशी ओळख झाली तीही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे.

दुसरा बाहेरचा शिकारी म्हणजे फासेपारधी. त्याचं घरच वाटेवर असे. पावसाळ्यात एका जागी मुक्काम आणि उरलेले आठ महिने बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव फिरणं, हा त्याचा शिरस्ता. तित्तर, लावे, रानकोंबडे पकडायचे, आठवडी बाजारात विकायचे आणि पुढच्या गावाला लागायचं. त्याची कला आवाजाची होती. पाळलेला तित्तर पिंजऱ्यात घालून तो माळावर ठेवी आणि भोवती बारीक खुंट्यांना बांधलेल्या फासांची ओळ मांडी. पिंजऱ्यातला तित्तर बोलू लागला, की त्या टापूचा मालक तित्तर आव्हान समजून धावत येई आणि त्याचा पाय फासात अडके. काही पारधी शिकवलेल्या गाईच्या आड लपून पक्ष्यांच्या जवळ जात. म्हणूनच त्यांना गायपारधी म्हणत.

दोघेही घरापासून लांब शिकारीला येणारे. पण एकाला बंगला आणि सलाम मिळाला आणि दुसऱ्याच्या कपाळी गुन्हेगाराचा शिक्का बसला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी भटक्या जमातींना पोलिसांकडे हजेरी लावायला भाग पाडलं. सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांच्यासाठी काटेरी तारांच्या वसाहती झाल्या. 31 ऑगस्ट 1952 रोजी या जमाती विमुक्त झाल्या, तरी संशय आजही त्यांचा पाठलाग करतो. रानाचं सर्वांत सखोल ज्ञान असलेल्या माणसांना आपण रानाच्या राखणीत सामील करून घेतलं नाही. आपल्या निसर्गरक्षणाच्या इतिहासातली ही मोठी चूक आहे, असं मला मनापासून वाटतं. विदर्भात अकोला-वाशीम भागात कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या ‘संवेदना’ संस्थेने फासेपारध्यांना सोबत घेऊन गवताळ माळ आणि दुर्मीळ तणमोर जपण्याचं काम केलं. फास मांडणारा हातच राखणदार होऊ शकतो, हे तिथे दिसलं.

टर्कीसाठी राज्याराज्यांतून

आता समुद्र ओलांडू. टर्की म्हणजे आपल्या मोराच्या आणि रानकोंबड्याच्याच कुळातला पक्षी. पूर्वेकडच्या जंगलातला पूर्ण वाढलेला नर आठ ते दहा किलोचा भरतो. डोक्यावर पिसं नसतात आणि ते लाल, निळं, पांढरं असे रंग पालटतं. छातीतून केसांसारखा पिसांचा झुपका लोंबतो. नजर अतिशय तीक्ष्ण. वसंतात नर माद्यांना बोलावण्यासाठी दणदणीत आवाजात घुमतो.

त्याची शिकारही आवाजावरच चालते. डागाडागांचे, झाडीत मिसळून जाणारे कपडे घालून शिकारी अंधारातच एखाद्या जाड बुंध्याला पाठ लावून बसतो. हातात लाकडी पेटी असते. तिचं झाकण कडेवर घासलं की मादीसारखा आवाज निघतो. काही जण पाटीच्या दगडावर काडी घासतात, काही जिभेच्या वर, टाळूला पातळ पडदा धरतात. नर उत्तर देत देत जवळ येतो. पण निसर्गात सहसा मादी नराकडे जाते, त्यामुळे तोही थांबून तिची वाट पाहतो. एक हालचाल चुकली की संपलं. वसंतातल्या या हंगामात साधारणपणे नरच मारायची मुभा असते आणि काही राज्यांत दुपारनंतर बंदूक चालवता येत नाही.

या शिकारीला प्रवासाचं वेड जोडलं गेलं, कारण शिकारी रानटी टर्कीच्या पाच उपजाती मोजतात आणि त्या एका जागी मिळत नाहीत. ईस्टर्न पूर्वेकडच्या जंगलांत, रिओ ग्रांडे टेक्सास-ओक्लाहोमाच्या कोरड्या मैदानांत, मेरियम्स रॉकी पर्वतात, तर ऑसिओला फक्त फ्लोरिडाच्या द्वीपकल्पात. या चारही उपजातींचा नर मिळवणाऱ्याला ‘ग्रँड स्लॅम’ पूर्ण केल्याचा मान असतो. पाचवी उपजात गोल्ड्स मेक्सिकोच्या डोंगरांत आणि ॲरिझोना-न्यू मेक्सिकोच्या दक्षिण भागात आढळते. याखेरीज युकातान, ग्वातेमाला आणि बेलिझच्या अरण्यात पिसांवर डोळ्यांसारखे ठिपके असलेला आणखी एक वेगळा टर्की आहे. त्यामुळे ओहायोतला शिकारी फ्लोरिडाच्या दलदलीत जातो आणि जॉर्जियातला साउथ डकोटाच्या ब्लॅक हिल्समध्ये.

खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी संपत आला होता. जंगलं तोडली गेली, बाजारासाठी बेसुमार शिकार झाली आणि कित्येक राज्यांतून टर्की नाहीसा झाला. 1937 साली पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. त्यानुसार बंदुका आणि काडतुसांवर आकारलेला कर थेट राज्यांच्या वन्यजीव कामाला मिळतो. आज लांब नळीच्या बंदुकांवर हा कर 11 टक्के आहे. शिकारीच्या परवान्याचे पैसेही त्याच कामाला जातात आणि परराज्यातून आलेल्या शिकाऱ्याला परवान्यासाठी स्थानिकापेक्षा बरेच जास्त पैसे भरावे लागतात.

आधी तिथल्या लोकांनी सोपा मार्ग धरला. पाळीव वळणाचे टर्की पैदा करून जंगलात सोडले. ते टिकले नाहीत. कोल्हा, घुबड यांना ओळखायला शिकवणारी रानातली आईच त्यांना मिळाली नव्हती. मग 1950 च्या दशकात दक्षिण कॅरोलिनात तोफेसारख्या नळ्यांतून उडणारं जाळं टर्कीच्या कळपावर टाकायची युक्ती जमली. पकडलेले खरे रानटी पक्षी रिकाम्या झालेल्या जंगलांत नेऊन सोडले आणि तिथे शिकार काही वर्षं बंद ठेवली. 1973 साली ‘नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन’ ही संस्था निघाली आणि या कामाला आणखी बळ मिळालं. आज अलास्का सोडून बाकी 49 राज्यांत टर्की आहे आणि संख्या लाखांत आहे. अलीकडे आग्नेयेकडच्या काही राज्यांत ती पुन्हा घसरू लागली, तेव्हा त्या राज्यांनी हंगाम उशिरा सुरू केला आणि दर शिकाऱ्यामागे किती नर मारायचे ती मर्यादाही कमी केली.

जहांगीरचा टर्की

हा पक्षी आपल्या मुलखात आला तो गोव्यामार्गे. बादशहा जहांगीरने मुकर्रब खान या सरदाराला पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्याला पाठवलं होतं. तिथे मिळतील त्या अपूर्व वस्तू किंमत न पाहता आणायची आज्ञा होती. 1612 साली तो परतला तेव्हा त्याच्यासोबत काही विचित्र प्राणी-पक्षी होते आणि त्यांतच टर्की होता. जहांगीरने आत्मचरित्रात त्याचं वर्णन केलं आहे. पक्षी मोरापेक्षा लहान आणि लांडोरीपेक्षा मोठा, मोरासारखा पिसारा फुलवणारा आणि डोक्यामानेचे रंग सरड्यासारखे पालटणारा. मन्सूर या दरबारी चित्रकाराचं म्हणून ओळखलं जाणारं टर्कीचं देखणं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळाला हा पक्षी आजही शिजतो आणि तिथे त्याला पोर्तुगीज नावानेच ‘पेरू’ म्हणतात. भारताच्या रानात मात्र तो कधी उतरला नाही. इथे ती जागा मोराने आणि रानकोंबड्याने आधीच भरलेली होती.

इथली बंदी

आपण अमेरिकेपेक्षा वेगळी वाट धरली. मुंबई राज्याच्या 1951 च्या वन्य प्राणी व पक्षी संरक्षण कायद्यात शिकारीचे परवाने आणि बंदीचा हंगाम यांची व्यवस्था होती. 1963 साली मोर राष्ट्रीय पक्षी झाला आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवान्याची शिकारही हळूहळू संपवली. आज रानकोंबडा मारणं किंवा फासात पकडणं हा गुन्हा आहे. माझ्या मते आपल्यासाठी हाच मार्ग योग्य होता. इथे रान थोडं आणि माणसं फार, हंगामाची आणि संख्येची मर्यादा पाळून घेणारी यंत्रणा तोकडी. अशा ठिकाणी परवाना म्हणजे उघडं दार झालं असतं.

पण कायद्याने बंदूक थांबते, वणवा थांबत नाही. रानकोंबडी मुख्यतः फेब्रुवारी ते मे या काळात अंडी घालते. झुडपाखाली जमीन उकरून, सुकी पानं अंथरून केलेल्या खळग्यात चार ते सात अंडी असतात आणि ती एकटीच तीन आठवडे उबवते. नेमक्या याच महिन्यांत सह्याद्रीच्या उतारांवर वणवे लागतात. जळलं की पावसात गवत चांगलं फुटतं, या समजुतीने काही लावले जातात आणि काही पर्यटकाच्या निष्काळजी विडी-सिगारेटने पेटतात. तासाभरात अख्ख्या डोंगराची वीण राख होते. याशिवाय रानडुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासात कोंबडेही अडकतात, मोकाट कुत्री पिलं धरतात आणि शेतघरांच्या प्लॉटसाठी उतार सपाट होतात.

या पक्ष्याला आधार आहे तो देवरायांचा. भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, या भागांत देवाच्या नावाने राखलेली झाडी अनेक गावांत आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि त्यांचं महत्त्व शास्त्रीय भाषेत जगापुढे मांडलं. रात्री बसायला उंच झाड, दिवसा लपायला जाळी आणि चरायला पाचोळा, रानकोंबड्याला हवं ते सगळं देवराईत मिळतं. ती राखली गावाने, सरकारी पैशाविना, पिढ्यानपिढ्या.

पाहुण्याने काय द्यावं

आज आंबवड्याच्या परिसरात बाहेरून येतो तो गिर्यारोहक, पक्षिनिरीक्षक आणि कॅमेरावाला. बहुतेक जण पुण्याचे. त्यांच्याकडे बंदूक नसते, पण शिकाऱ्याच्या जुन्या सवयींतल्या एक-दोन त्यांनी उचलल्या आहेत. मोबाइलवर नराची बांग वाजवून पक्ष्याला उघड्यावर आणणं हा त्यांतला एक प्रकार. पारध्याचा तित्तर जे करी तेच हा मोबाइल करतो. ऐन विणीत नर आपला वेळ आणि ताकद नसलेल्या शत्रूशी झुंजण्यात घालवतो. फोटो मिळाला की पाहुणा गाडीत बसतो आणि गावाला काहीच मिळत नाही.

अमेरिकेतल्या शिकाऱ्याचा हेतू पक्षी मारण्याचा असतो, तरी त्याने भरलेल्या पैशातून जंगल राखलं जातं. आपल्याकडे पाहणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो, पण बहुतेक ठिकाणी त्याच्या येण्यातून राखणीला एक रुपयाही मिळत नाही. ही उलटी स्थिती बदलायला हवी आणि ती बदलता येते. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात प्रवेश शुल्क घेतलं जातं आणि भोवतालच्या गावांच्या समित्या व्यवस्था पाहतात. भिगवणला उजनीच्या पाण्यात मासे धरणारी माणसं नावेतून रोहित पक्षी दाखवतात आणि त्यावर घर चालवतात.

भोरच्या डोंगरातही हे व्हावं. रान दाखवायला गावातलाच माणूस घ्यावा आणि त्याला योग्य मजुरी द्यावी. मुक्काम आणि जेवण गावात करावं. देवराईत शिरण्याआधी पुजाऱ्याला किंवा गावकऱ्यांना विचारावं. विणीच्या महिन्यांत बांग वाजवू नये. पक्षिमित्रांच्या एखाद्या गटाने हिवाळा संपताना गावच्या वन व्यवस्थापन समितीला भेटावं आणि एका उताराभोवती जाळरेषा काढायची मजुरी उचलावी. गवत कापून काढलेला तो रुंद उघडा पट्टा आला की आग पुढे सरकत नाही आणि झुडपाखालची अंडी वाचतात. शिकारीचा परवाना गेला ते चांगलंच झालं. त्या परवान्यामागे जे देणं होतं ते मात्र रानात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडे अजून बाकी आहे.